बेने इस्रायल कोकण सोडून इस्रायलला का गेले?

चौलची_नात

नमस्कार मंडळी. मी चौल-रेवदंडा भागातली. आमच्या आळीच्या टोकाला एक कौलारू घर आहे. घर आमचंच, पण गावात त्याला आजही ‘शनवार तेल्याचं घर’ म्हणतात. माझ्या पणजोबांनी ते साठच्या दशकात एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबाकडून विकत घेतलं. खरेदीखत आहे, सगळं रीतसर आहे.

पण मला एक प्रश्न सतावतो. जगात जिथून जिथून ज्यू लोक बाहेर पडले, तिथे बहुतेक ठिकाणी छळ, कत्तल, हकालपट्टी असं काही ना काही वाचायला मिळतं. आमच्याकडे तसं काहीच ऐकिवात नाही. आजोबा सांगतात, शेजारच्या म्हातारीने आमच्या पणजीकडून लोणच्याची बरणी नेली होती आणि जायच्या आदल्या दिवशी ती धुऊन, आत तांदूळ घालून परत केली. इतका घरोबा. मग शेकडो वर्षं राहिलेलं गाव माणसं एकाएकी का सोडतात? आमच्यापैकी कुणी त्यांना घाबरवलं होतं का? अडलेल्या माणसाचं घर आम्ही पडत्या भावात घेतलं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी खरं सांगा. बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

अलिबागचा_मास्तर

चांगला प्रश्न. मी इस्रायल आळीजवळच वाढलो, थोडं वाचनही आहे.

आधी धास्ती काढून टाक. कोकणात बेने इस्रायलांविरुद्ध दंगल, बहिष्कार, हकालपट्टी असं काही झालेलं नाही. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. त्यांचे हे वंशज. ते केव्हा आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कित्येक शतकं ते इथे तेल गाळत, शेती करत, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले. पेणकर, दिवेकर, किहिमकर, नवगावकर ही आडनावं इथल्याच गावांची. अठराव्या शतकापासून ते मुंबईकडे सरकू लागले. कंपनीच्या पलटणीत शिरले, नंतर रेल्वे, टपाल, गोदी, कारकुनी, शिक्षकी. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) १७९६ चं, सॅम्युएल दिवेकर या सुभेदाराने बांधलेलं.

म्हणजे १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हा गावातला बेने इस्रायल अर्धा मुंबईकर होताच. भारतात त्यांची संख्या साधारण वीस हजार होती. १९५० मध्ये इस्रायलने कुठल्याही ज्यूला येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा कायदा केला. त्याच सुमाराला, १९५०-५१ मध्ये, इराकमधून लाखाहून जास्त ज्यू विमानांनी नेले गेले. तिथे मागे राहणं अशक्य झालं होतं. आपल्याकडचं जाणं तसं नव्हतं. इथून माणसं तीस-चाळीस वर्षं थोडी थोडी जात राहिली.

गावाकडची दोन कारणं मी सांगू शकतो. एक, तेलाच्या गिरण्या आल्या आणि बैलाचा घाणा बसला. दुसरं, कूळकायदा. १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. मुंबईत नोकरी आणि गावात कुळाकडे भातशेती, अशी ज्यांची घडी होती त्यांचा गावाशी असलेला व्यवहारच संपला. हे बेने इस्रायलांपुरतं नव्हतं, अनेक जातींच्या घरांत झालं. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झालं असं माझं मत आहे, पण त्यामुळे गाव सुटायला हातभार लागला हेही खरं. बाकी घरातलं कारण त्यांच्यापैकीच कुणी सांगू शकेल.

अश्दोदची_आजी

पोरी, तुझा प्रश्न नातवाने मला वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. मी रेवदंड्याजवळच्या वाडीतली. १९६६ मध्ये आम्ही आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. मराठी लिहायची सवय कमी झाली आहे, तरी लिहिते, कारण याचं उत्तर आमच्या पिढीनेच द्यायला हवं. आमची पिढी संपली की हेही कुणाला माहीत नसेल.

आम्हाला कुणी घालवलं नाही. हे मी आधी लिहिते म्हणजे तुझ्या जिवाचा घोर जाईल. शाळेत, विहिरीवर, एस्टीत मला कुणी ‘तू इथली नाहीस’ असं म्हटलं नाही. आमच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो) शेजारचे कोळी, माळी, मुसलमान सणाला डोकावून जायचे.

मग का गेलो? माझ्या आजीपासून सांगते. तिला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण बिरड्याच्या रोजाला ती जमिनीवर बसून यरुशलेमचं मंदिर पडलं म्हणून रडायची. खरं रडायची, घरातलं माणूस गेल्यासारखं. आदल्या संध्याकाळी सोललेल्या वालांचं बिरडं करायचं आणि मग उपास धरायचा. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री माझे वडील मराठी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, वाचायचे आणि शेवटी सगळ्यांनी म्हणायचं, पुढच्या वर्षी यरुशलेमात. हे बाहेरून कुणी येऊन शिकवलेलं राजकारण नव्हतं. मुंबईत नंतर प्रचारक आले, सभा झाल्या, इस्रायलच्या शेतांचे फोटो दाखवले, तेही झालं. पण ज्या घरात दर वर्षी हे वाक्य म्हटलं जातं, त्या घरापुढे एक दिवस कुणी येऊन सांगतो की आता खरंच जाता येईल, तिकिटाचीही सोय होईल. तेव्हा माणूस काय करेल?

तरी माझे वडील लगेच उठले नाहीत. धाकटा काका उठला. तो पहिल्याच लाटेत गेला, त्याला बीरशेबाला ठेवलं. तंबू, पत्र्याच्या खोल्या, वाळू. तो मुंबईत कारकून होता, तिथे हातात फावडं आलं. रंगावरून बोललं जाई. अशा बऱ्याच लोकांनी मिळून तेल अवीवला धरणं धरलं की आम्हाला परत पाठवा, आणि १९५२ मध्ये शंभराहून जास्त माणसं खरंच मुंबईला परत आली. काका त्यांच्यात होता. घरात सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण इथे त्याची खोली गेली होती, नोकरी दुसऱ्याने घेतली होती. चार वर्षं तो आमच्या चाळीच्या खोलीत पडवीत झोपला आणि पुन्हा गेला. परत गेलेले असे पुष्कळ होते. हे मी एवढ्यासाठी सांगते की ज्यांना वाटतं माणूस एकदा ठरवतो आणि जातो, त्यांनी काकाला पाहायला हवं होतं.

आता वडिलांचं. ते परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, बदलीवाले नव्हे, कायम. पगार वेळेवर. आई आणि आजी गावी, ते शनिवार-रविवार भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने यायचे. त्यांना पैशासाठी कुठे जायची गरज नव्हती. त्यांना दोन गोष्टींनी हलवलं.

पहिली म्हणजे दहा माणसं. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असले तर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही, मेलेल्या माणसासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही. मी लहान असताना आमच्या आसपासच्या वाड्यांतून सहज पंचवीस-तीस पुरुष जमायचे. मग एक घर गेलं, त्यात बाप आणि तीन मुलगे. दुसरं गेलं. आजोबांच्या वर्षश्राद्धाला नऊच पुरुष उभे होते. वडिलांनी मुंबईच्या मावसभावाला कळवलं होतं, पण वारा सुटला म्हणून लाँच उशिरा निघाली. सगळे टोप्या घालून दुपारपर्यंत थांबले. मावसभाऊ आला, प्रार्थना झाली. पण त्या रात्री वडील आईला म्हणाले, ‘माझ्या वेळेला दहावा कुठून आणणार?’ प्रत्येक जाणारं घर मागे राहिलेल्यांचं राहणं अवघड करत होतं, पोरी. त्यात कुणाचा दोष नव्हता. हिंदू शेजाऱ्याचा एक मुलगा अमेरिकेला गेला तर देवळातली आरती थांबत नाही. आमचं चारशे माणसांचं गाव नव्हतंच कधी, दहा-बारा घरं होती.

दुसरी गोष्ट आम्ही मुली. आम्ही दोघी बहिणी. मुलगे तिकडे निघून चाललेले. इथे राहिलेल्यांत जो तो कुठून तरी आमचा भाऊच लागायचा. स्थळं पत्रातून यायला लागली, दिमोना, रामले, लोद इथून. आई म्हणायची, एकटी मुलगी तिकडे देणार नाही, जायचं तर सगळे.

आणि तरी आम्ही आणखी थांबलो, याचंही कारण आम्ही मुलीच होतो. १९६२ मध्ये तिकडच्या मुख्य रब्बींनी (धर्मगुरूंनी) आदेश काढला की बेने इस्रायलांशी लग्न लावताना आईकडच्या मागच्या पिढ्या शक्य तितक्या खोल तपासाव्यात. म्हणजे आम्ही पुरेसे ज्यू आहोत का, हा संशय. ज्यांनी शनिवार सोडला नाही म्हणून गावाने त्यांचं नाव शनवार तेली ठेवलं, त्यांना हा प्रश्न. हे कळवणारं पत्र तिकडून आलं, ते वाचून वडिलांनी जायला काढलेली पेटी परत माळ्यावर टाकली. म्हणाले, इथे कुणी माझ्या मुलींची चौकशी करत नाही. आमच्या लोकांनी यरुशलेमला आंदोलन केलं, उपास केले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिकडच्या संसदेने, खास बैठक घेऊन ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत आणि त्यांच्यात फरक करता येणार नाही. मग तो आदेश बदलावा लागला. त्यानंतर पेटी माळ्यावरून खाली आली.

निघण्याआधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन एलियाहू हन्नबीचा, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ-खोबरं, फळं. आजी आली नाही. तिने सांगितलं, तुमच्या आजोबांच्या कबरीला कोण बघेल. ती मोठ्या काकीजवळ राहिली. वडिलांनी तिला दर महिन्याला पत्र लिहिलं. ती गेली तेव्हा आम्हाला नऊ दिवसांनी कळलं. जायचं म्हटलं तरी तिकिटाला पैसे नव्हते आणि आमचा पासपोर्ट आता इस्रायलचा होता. दोन देशांचे पूर्ण संबंध १९९२ मध्ये जुळले, तोवर येणं-जाणं सोपं नव्हतं. या एका गोष्टीबद्दल वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत.

चौलची_नात

आजी, वाचताना हुंदका आला. खूप उपकार झाले तुमचे. दोन गोष्टी विचारू का? घर विकताना तुमच्याकडच्या लोकांना रास्त भाव मिळायचा का? आणि तिकडे पोचल्यावर जे मनात धरून गेलात ते मिळालं का?

अश्दोदची_आजी

भावाचं सरळ सांगते. ज्याची तारीख ठरली आहे त्याला घासाघीस करता येत नाही, आणि हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. त्यामुळे भाव थोडा पडलेलाच असणार. आमची वाडी ज्यांनी घेतली त्यांनी निम्मे पैसे आधी दिले, निम्मे पीक आल्यावर आजीच्या हातात दिले, एक पैसा बुडवला नाही. दुसऱ्या एका घराला मात्र उरलेले पैसे कधीच मिळाले नाहीत. दोन्ही प्रकार झाले. तुमचं खरेदीखत आहे, रक्कम त्यात असेल. त्याच वर्षीच्या शेजारच्या घरांच्या खरेदीशी ताडून बघ. दुय्यम निबंधकाकडे नोंदी असतात. शंका मनात बाळगण्यापेक्षा कागद बघितलेले बरे. तसंही परकीय चलनावर इतकी बंधनं होती की घराचे पैसे बरोबर नेता येत नसत. आमचे आजीजवळच राहिले, ते बरंच झालं.

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही. आम्हाला दिमोनाला नेलं. नेगेवच्या वाळवंटातलं नवं गाव, १९५५ मध्ये वसवलेलं. सरकारी चाळवजा इमारतीत दोन खोल्या, लोखंडी खाटा, गाद्या, घोंगड्या, थोडी भांडी. आईने खिडकी उघडली तर एक हिरवं पान दिसेना. समुद्राच्या काठची बाई ती. पहिले कित्येक महिने तिला मासळीचा वास आल्याचा भास व्हायचा. रात्री थंडी अशी की आमच्याकडच्या सगळ्या साड्या एकावर एक पांघरल्या.

पण दिमोनात कापडगिरण्या होत्या आणि वडिलांना साचा येत होता. भाषा येत नव्हती, पण तुटलेला धागा कुठल्याही देशात तसाच जोडतात. मुंबईचे आणखी साचेवाले तिथे होते, पाळी सुटली की फाटकावर मराठी ऐकू यायचं. मोरोक्कोचे शेजारी आम्हाला ‘होदीम’ म्हणायचे, हिंदी लोक. इथे आल्यावर आम्ही भारतीय झालो. आई दुसऱ्यांच्या घरी फरशा पुसायची. गावी तिने हे कधी केलं नव्हतं, आणि ते वडिलांना फार लागायचं. मी आणि बहीण हिब्रू लवकर शिकलो.

दहा माणसांचा प्रश्न मात्र सुटला. पहिल्या शुक्रवारी वडील प्रार्थनेला गेले ते रात्री उशिरा घरी आले. जागा पुरली नाही, दारात उभं राहायला लागलं, म्हणाले. मी त्यांना तसं हसताना फार कमी वेळा पाहिलं.

ठाण्याचा_राहिलेला

आजी, शालोम आणि नमस्कार. मी ठाण्याचा, आमच्या सिनेगॉगमध्ये आजही दहा जमतात, सणाला तर बाहेर मांडव लागतो. तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. धर्माचं कारण आपल्या लोकांत फार पुढे केलं जातं. माझ्या वडिलांचे तिघे भाऊ गेले. एकाला इंग्रज गेल्यावर रेल्वेत बढती मिळेना. दुसरा १९८२ च्या गिरणी संपात बेकार झाला, वर्ष-दीड वर्ष वाट बघून गेला. तिसरा म्हणाला, मुंबईत खोली मिळत नाही, तिकडे सरकार फ्लॅट देतं. तिघांपैकी एकही घरी नेमाने प्रार्थना करत नव्हता. तिकडे गेल्यावर मात्र ‘आम्ही पवित्र भूमीसाठी आलो’ असं सांगू लागले. मला ते मनापासून खटकतं, कारण मग जे राहिलो ते जणू कमी ज्यू ठरतो.

माझे वडील राहिले कारण त्यांची इथे शिक्षकाची नोकरी होती, आणि आई म्हणाली, मला मराठी वर्तमानपत्राशिवाय सकाळ होत नाही. एवढंच. २०१६ मध्ये महाराष्ट्राने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याने कागदपत्रांची थोडी सोय झाली. देशभरात आता आपण काही हजारच उरलो आहोत, तिकडे भारतातून गेलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं मिळून ऐंशी हजारांच्या पुढे. आकड्यांनी तुम्ही जिंकलात, पण कारणं सगळ्यांची एक नव्हती.

अश्दोदची_आजी

बाळा, तुझं बरोबर आहे आणि तू ते लिहिलंस हे चांगलं केलंस. बहात्तर-पंचाहत्तरनंतर जे आले त्यांच्यात नोकरी आणि घर हेच पुढे होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लोदला विमानांच्या कारखान्यात, इथे अश्दोदच्या बंदरात काम आहे, असं पत्र आलं की पुढच्या वर्षी कुटुंब हजर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पोट भरायला जाणारा माणूस देवाच्या नावाने जाणाऱ्यापेक्षा खालचा, असं मी तरी मानत नाही.

पण माझ्या वडिलांवर ते लागू करू नकोस. ते कायम नोकरी सोडून आले आणि पहिली सात-आठ वर्षं परळपेक्षा वाईट राहिले. कोकणातून गेलेल्या पहिल्या लोकांना हलवलं ते प्रार्थनेने आणि मुलींच्या लग्नांनी. त्यांच्या जाण्याने मागे जी पोकळी झाली, तिच्यामुळे दुसरे गेले. आणि तिसरे गेले कारण तिकडे आधीच काका-मामा होते, उतरायला घर होतं. तुझ्या वडिलांचे भाऊ तिसऱ्यांतले. तिघांना एकाच कारणात कोंबलं की हिशेब चुकतो.

आणि राहिलेले कमी ज्यू, असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव. माझी आजी राहिली होती.

चौलच्या पोरी, तुझ्याकडे माझी एक विनंती आहे. रेवदंड्याच्या आमच्या कबरस्तानात कुठल्या दगडांवर नावं अजून वाचता येतात, ते सावकाशीने बघून मला कळवशील का? मराठी अक्षरं असतील ती तुला वाचता येतील, हिब्रूचे फोटो काढ, मी वाचते. पावसाळ्याआधी गेलीस तर बरं, नंतर गवत माजतं. ठाण्याच्या बाळालाही बरोबर घे, त्याला वाट विचारायला सोपं जाईल, आणि तिथल्या काळजीवाहूंना आधी कळवा.